श्रीयुत जेम्स बनाना यांचा ठावठिकाणा

कोणत्याही सुसंस्कृत समाजात ग्रंथावर ग्रंथकर्त्याचे, नदीच्या घाटावर घाट बांधविणाऱ्याचे आणि ज्याने आयुष्यात यांपैकी काहीच केले नाही अशा गृहस्थाचे निदान कोनशिलेवर तरी नाव कोरलेले असावे, असा दंडक आहे. त्यामुळे, जगभरच्या लक्षावधी मुलांची सुटी, दृष्टी आणि वार्षिक परीक्षा या तिन्हींवर ज्यांनी एकदम जप्ती आणली, त्या जुन्या जपानी व्हिडिओ गेमांच्या कर्त्यांची नावे त्या खेळांत शोधूनही सापडत नाहीत, असे सांगितले असता ऐकणारा प्रथम अविश्वासाने पाहतो. परंतु वस्तुस्थिती तशीच आहे. १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये बत्तीस टप्पे पार करून, अग्नी ओकणाऱ्या राक्षसाच्या कैदेतून राजकन्येस सोडविले, की ती मारिओचे आभार मानते आणि लागलीच दुसरी, अधिक अवघड कामगिरी त्याच्या गळ्यात बांधते; परंतु ज्यांनी तो राक्षस, तो किल्ला आणि खुद्द ती राजकन्या निर्माण केली त्यांच्याविषयी ती चकार शब्द काढीत नाही. हा झाला पहिला वर्ग, ज्यात नावेच नाहीत. दुसऱ्या वर्गात नावे आहेत, आणि संशोधकांची खरी आपत्ती तेथूनच सुरू होते.

कोनामी कंपनीने १९८६ साली काढलेला आणि पाश्चात्त्य देशांत ‘कॅसलव्हेनिया’ या नावाने गाजलेला ड्राक्युलाचा खेळ उदाहरणादाखल घेऊ. हातात चाबूक घेऊन, वटवाघळे, सांगाडे व चालती प्रेते यांचा समाचार घेत घेत खेळणारा अखेरीस ड्राक्युलास यमसदनी धाडतो, आणि मग एखाद्या चित्रपटाप्रमाणे श्रेयनामावळी वर सरकू लागते. दिग्दर्शन: ट्रान्स फिशर्स. पटकथा: व्हीरॅम स्टोकर. संगीत: जेम्स बनाना. ड्राक्युलाच्या भूमिकेत क्रिस्टोफर बी, मृत्यूच्या भूमिकेत बेलो लुगोसी, आणि फ्रँकेनस्टाइनच्या भूमिकेत बोरिस कार्लऑफिस. ज्याने इंग्रजी भयपट पाहिले आहेत त्यास टेरेन्स फिशर हा दिग्दर्शक, जेम्स बर्नार्ड हा संगीतकार आणि क्रिस्टोफर ली, बेला लुगोसी, बोरिस कार्लॉफ हे नट या विडंबनातून सहज ओळखता येतील. मूळ ड्राक्युला लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरच्या नावात, पडद्यावरील चित्र सांभाळणाऱ्या व्हीरॅम नामक स्मृतिपटाची पेरणी करणारा विनोद तर केवळ यंत्रज्ञासच सुचावा असा आहे. आणि कार्लॉफचे कार्लऑफिस करणारा मनुष्य त्या समयी घरी जाण्याची आशा सोडून कचेरीतच रात्र काढीत असला पाहिजे, असा आमचा तर्क आहे.

आता विनोद म्हणून हे सर्व ठीक. परंतु त्या खेळाचे संगीत असे होते की ते एकदा कानात शिरले म्हणजे परत निघण्यास राजी होत नसे, आणि त्यामुळे ते कोणी रचले याची चौकशी करणारे लोक पुढे जगभर निपजले. त्यांच्या हाती सुगावा काय, तर एक केळे! पुष्कळ काळ लोटल्यावर निष्पन्न झाले ते असे, की जेम्स बनाना हा जेम्सही नव्हे आणि पुरुषही नव्हे. ती किनुयो यामाशिता नावाची, ओसाकातील विद्यापीठातून नुकतीच बाहेर पडलेली तरुणी होती, आणि तिला सातोए तेराशिमा या दुसऱ्या तरुणीची साथ होती. ट्रान्स फिशर्स या मुखवट्याआड हितोशी आकामात्सु होते. नोकरीत रुजू होऊन फार दिवस झाले नाहीत तोच जिच्या रचना अजरामर झाल्या, तिला अजरामर होताना स्वतःचे नाव बरोबर नेण्याची परवानगी मिळाली नव्हती.

ही जपानी विनयशीलतेची परिसीमा आहे, असे समजून गहिवरून जाण्याचे कारण नाही. खरे कारण विनयाहून पुष्कळ अधिक हिशेबी होते. खेळ उत्तम वठला आणि त्याच्या अखेरीस कारागिराचे खरे नाव झळकले, तर प्रतिस्पर्धी पेढीचा मुखत्यार ते नाव टिपून घेईल, पत्ता काढील आणि वाढीव पगाराचे आमिष दाखवून कारागिरास रातोरात फितवील, ही धास्ती मालकवर्गास असे. ज्या धंद्याचे सारे भांडवल पाचसहा तरुणांच्या डोक्यांत साठविलेले आहे, आणि ती डोकी रोज रात्री तिजोरीत कुलूपबंद करून ठेवण्याची सोय नसल्याने शेवटच्या आगगाडीने आपापल्या घरी जातात, त्या धंद्याच्या मालकाने अन्य काय करावे? त्याने फर्मान काढले, की नावे नकोत; आणि हवीच असतील तर खरी नकोत.

कायदाही मालकांच्याच बाजूने उभा होता. जपानच्या प्रताधिकार कायद्याच्या पंधराव्या कलमान्वये, नोकराने आपल्या कामाचा भाग म्हणून मालकाच्या योजनेनुसार निर्माण केलेल्या कृतीचा केवळ धनीच नव्हे, तर कर्ताही मालकच ठरतो. मात्र ती कृती मालकाच्या नावे प्रसिद्ध होणारी असावी, एवढी एक अट तेथे होती. १९८५ च्या दुरुस्तीने संगणकाच्या प्रोग्रामपुरती ती अटही काढून टाकली. तात्पर्य, ज्याने पहाटेपर्यंत जागून, कार्यालयातील मेजाखाली पथारी पसरून तो खेळ लिहिला, तो कायद्याच्या दृष्टीने लेखकच नव्हता. लेखक ती इमारत होती, जिच्यातील मेजाखाली तो झोपला होता.

आता ही खबरदारी कितपत फळास आली ते पाहावे. १९८७ साली ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर’ हा मुष्टियुद्धाचा खेळ बाजारात आणला; त्याच्या कर्त्यांची नावे ‘पिस्टन ताकाशी’ आणि ‘फिनिश हिरोशी’ अशी नोंदली गेली. एखाद्या आखाड्याच्या जाहिरातीवर शोभावीत अशी ही नावे ताकाशी निशियामा आणि हिरोशी मात्सुमोतो या दोन सद्गृहस्थांची होती. पिस्टन या नावामुळे निशियामांची ओळख इतकी बेमालूम लपली, की अल्पावधीतच एसएनके या प्रतिस्पर्धी कंपनीने त्यांस बोलावून नेले, फिनिश हिरोशीही मागोमाग गेले, आणि तेथे त्यांनी १९९१ साली ‘फेटल फ्युरी’ हा मुष्टियुद्धाचाच दुसरा खेळ काढून जुन्या धन्यापुढे शड्डू ठोकला. अर्थात कॅपकॉमला तक्रार करण्यास तोंड नव्हते. कारण निशियामा स्वतः त्यापूर्वी आयरेम कंपनीत होते, आणि कॅपकॉमचे दोन आधारस्तंभ, तोकुरो फुजिवारा आणि योशिकी ओकामोतो, हे दोघेही कोनामीतून आलेले होते. हे फुजिवारा पुढे ‘प्रोफेसर एफ’ या नावाने वावरू लागले. म्हणजे ज्यांच्यापासून नावे लपवायची, त्या मंडळीस एकमेकांची नावे, पगार आणि बहुधा सासुरवाडीही ठाऊक होती. ज्यास काहीच ठाऊक नव्हते असा इसम त्या व्यवहारात एकच होता: खिशातले नाणे यंत्रात टाकणारा खेळाडू, ज्याच्या मनात कोणासही फितविण्याचा विचार कधी आला नव्हता.

कॅपकॉमच्याच ‘रॉकमॅन’ या १९८७ सालच्या आणि परदेशी ‘मेगा मॅन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाची नामावळी तर नामकरणशास्त्राच्या अभ्यासकाने संग्रही ठेवावी अशी आहे. तीत एक ‘ए. के.’ आहेत, एक ‘इनाफकिंग’ आहेत, संगीत ‘चांचाकोरिन मानामी’ यांचे आहे, आणि ध्वनीचा प्रोग्राम लिहिण्याची कामगिरी ‘युकीचानचे पप्पा’ यांनी पार पाडलेली आहे. दुसऱ्या भागात यांस ‘ओगेरेत्सु-कुन’ येऊन मिळाले, ज्यांच्या नावाचे भाषांतर सभ्य मासिकात न करणे बरे. चांचाकोरिन म्हणजे मानामी मात्सुमाए, ओगेरेत्सु-कुन म्हणजे ताकाशी तातेइशी, हे आता ठरून गेले आहे. परंतु आमचे लक्ष राहून राहून त्या पप्पांकडे जाते. आमच्याकडील जुन्या घरांत नवऱ्याचे नाव तोंडाने उच्चारणे वर्ज्य असल्याने ‘बंडूचे बाबा’ म्हणून काम भागविण्यात येई, आणि बंडूचे बाबा कोण, हे वाड्यातील मांजरासही ठाऊक असल्यामुळे कोणाचे काही अडत नसे. परंतु वाडा नाही, मांजर नाही, बंडू कोण याचा पत्ता नाही, आणि हातात आहे फक्त एक प्लास्टिकचे काडतूस. अशा स्थितीत त्यावरून बाबांपर्यंत पोहोचावयाचे म्हणजे वंशवृक्ष शेंड्याकडून मुळाकडे चढण्यासारखे आहे. हेही संशोधकांनी केले. युकीचानचे पप्पा म्हणजे योशिहिरो साकागुची.

नाव लपविल्याने ते नुसते लपत नाही. रिकाम्या जागी दुसऱ्याचे नाव आपोआप येऊन बसते, हा याच प्रकरणातील दुसरा उपद्रव. ‘ए. के.’ या दोन अक्षरांआड आकिरा कितामुरा होते, आणि रॉकमॅनची मूळ कल्पना त्यांची. ते लवकरच कंपनी सोडून गेले. मागे राहिले इनाफकिंग, म्हणजे केइजी इनाफुने, ज्यांनी पुढे ती मालिका वर्षानुवर्षे सांभाळली. आणि जगाने त्यांनाच रॉकमॅनचा जनक म्हणून पाटावर बसविले. मी पोचलो तेव्हा मूल जन्मास येऊन चुकले होते, अशा अर्थाचा खुलासा इनाफुने यांनी स्वतः करूनही त्यांच्या पदरात टाकलेले पितृत्व लोक परत घेण्यास तयार होईनात.

निन्टेन्डोसारख्या मातबर संस्थेतही यापेक्षा निराळा प्रकार नव्हता. ज्यांचे नाव आज या व्यवसायात सर्वाधिक प्रसिद्ध आहे, त्या शिगेरु मियामोतो यांनी १९८६ सालच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’खाली ‘एस. मियाहोन’ अशी सही केली आहे. आपल्याच आडनावातील शेवटल्या चित्राक्षराचा मुद्दाम भलता उच्चार केला, की झाले वेषांतर! त्यांच्या शेजारी ताकाशी तेझुका हे ‘तेन तेन’ म्हणून आणि संगीतकार कोजी कोंदो हे ‘कोनचान’ म्हणून उभे आहेत. आडनाव एका अक्षराने वाकडे करून जगास चकविता येते, ही कल्पना केवढी निरागस आहे! परंतु मियामोतो पुढे जगप्रसिद्ध झाले म्हणून मियाहोन हा विनोद ठरला. जे प्रसिद्ध झाले नाहीत त्यांच्या बाबतीत तोच विनोद ऐतिहासिक समस्या होऊन बसला आहे.

मनुष्यास आपले नाव कोठे तरी असावे, ही वासना उपजतच आहे. आणि धन्याने दार बंद केले म्हणजे ती खिडकीतून बाहेर पडते. नामको कंपनीच्या १९८२ सालच्या ‘झेव्हियस’मध्ये प्रारंभीच विमान अगदी उजव्या कडेस नेऊन सारखे बाँब टाकीत राहिले, तर कर्ता ‘इव्हझू’ असल्याची ग्वाही पडद्यावर उमटते. हे मासानोबु एन्दो यांचे टोपणनाव. १९९१ सालच्या ‘सॉनिक’मध्ये तर याहून विलक्षण तोड काढली गेली. तेथे कर्त्यांची नावे लिहिलेली आहेत, पडद्यावर येतातही, परंतु पडदा काळा आणि अक्षरेही काळीच! कंपनीची आज्ञा मोडलेली नाही, कारण काही दिसत नाही. आणि स्वाभिमानही मोडलेला नाही, कारण सर्व काही लिहिलेले आहे. इतके निर्दोष आज्ञापालन आम्ही आजवर कोणत्याही दफ्तरात पाहिलेले नाही.

याहून खमंग किस्सा ‘डाँकी काँग’चा. १९८१ चा हा खेळ निन्टेन्डोचा आणि मियामोतोंचा, हे पोरासोरांस ठाऊक आहे. परंतु त्याचा प्रोग्राम प्रत्यक्षात लिहिला तो इकेगामी त्सुशिन्की या, दूरदर्शनच्या केंद्रांस लागणारी यंत्रसामग्री बनविणाऱ्या कंपनीच्या लोकांनी. खेळात त्यांच्या नावाचा मागमूस नाही. मात्र यंत्राच्या स्मृतिपटातील आकडे ओळीने अक्षरांत उतरविले, तर त्यांत मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलेला एक निरोप सापडतो: प्रथम वाचकाचे अभिनंदन, मग हा प्रोग्राम उलगडणे अवघड जात असल्यास आम्ही शिकवू, असे आश्वासन, आणि त्याखाली कंपनीचे नाव, दूरध्वनीचा क्रमांक, इतकेच नव्हे तर एक्स्टेंशनही! चोरून प्रोग्राम फोडणाऱ्या इसमास शिकवणीचे आमंत्रण देणारे हे सौजन्य पाहून कोणाही चोराचे हृदय द्रवले असते. पुढे याच घराण्यातील खेळांवरून इकेगामीने १९८३ साली निन्टेन्डोवर दावा लावला, आणि १९९० मध्ये त्याची आपसांत तडजोड झाली. न्यायालयाच्या दफ्तरात पक्षकारांची नावे खरीच लिहावी लागतात, त्यामुळे संशोधकांस जे श्रेयनामावळीने दिले नाही ते फिर्यादीने दिले.

गुप्त लेखांचा सर्वच ठिकाणी असा सात्त्विक उपयोग झाला, असे मात्र नाही. १९८८ साली नामकोने एरिका आणि सातोरु या दोन गोजिरवाण्या मुलांच्या स्वप्नप्रवासाचा बालोपयोगी खेळ काढला. तो संपल्यानंतर मुकाट्याने पुष्कळ वेळ बसून राहावे, आणि मग ठरावीक क्रमाने कळा दाबीत जावे, म्हणजे एका प्रोग्रामकाराचे मनोगत उघडते. आणि त्यात त्याने आपल्या सहकाऱ्यांचा, नावानिशी, असा उद्धार केलेला आहे की तो वाचून एरिका आणि सातोरु यांस तातडीने दुसऱ्या खोलीत पाठवावे. हा लेख पुष्कळ वर्षे कोणाच्या दृष्टीस पडला नाही. सहकाऱ्यांची नावे मोकळेपणी छापणारा असा एखादा दस्तऐवज निघावा, आणि तो नेमका शिव्यांचा असावा, हे या संशोधनाचे दुर्दैव.

ज्यांनी सही सोडलेली नाही आणि शिवीही सोडलेली नाही, त्यांचा तपास मात्र केवळ अनुमानाने करावा लागतो. प्रत्येक कंपनीची संगीत वाजविण्याची आपली अशी एक यंत्रणा असे, आणि तिच्यात स्वरांचे तक्ते कोणत्या क्रमाने मांडले आहेत, एवढ्यावरून दोन निरनिराळ्या पेढ्यांच्या नावे विकले गेलेले खेळ एकाच हातचे आहेत, हे जाणता ओळखतो. काही कर्त्यांची तर त्यांच्या दोषांवरून ओळख पटते. मायक्रोनिक्स नावाची एक संस्था कॅपकॉमचे ‘१९४२’ आणि ‘घोस्ट्स एन गॉब्लिन्स’ हे खेळ फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर उतरवून देत असे. तिच्या हातून निघालेल्या खेळात चित्रे अशी अडखळत पुढे सरकतात, की ही सही कोणत्याही मोहोरेपेक्षा अधिक विश्वसनीय मानली जाते.

क्योतोच्या तोसे कंपनीने अनामिकत्व हाच व्यवसाय केला आहे. १९७९ साली स्थापन झालेल्या या कंपनीने हजाराहून अधिक खेळ तयार केले किंवा तयार करण्यास हातभार लावला, आणि त्यांपैकी बहुतेकांवर नाव ज्याचे त्याचे, म्हणजे गिऱ्हाइकाचे. काबुकी नाटकात काळा पोशाख चढवून रंगभूमीवर सामानसुमान हलविणारे इसम असतात. ते दिसत असूनही दिसत नाहीत, असे प्रेक्षकांनी समजावयाचे असते. तोसेचे सारे आयुष्य त्या काळ्या पोशाखात सुखाने गेले. नाव लागावे अशी तिची मागणी नाही, आणि काढून टाकल्याची फिर्यादही नाही. चौकशी करणाऱ्यास संतापणारा मनुष्य परवडतो, परंतु समाधानी मनुष्यापुढे त्याचा इलाज चालत नाही.

या अंधारात एकच दिवा लखलखीत दिसतो, तो युझो कोशिरो यांचा. ‘द रिव्हेंज ऑफ शिनोबी’ या १९८९ सालच्या सेगाच्या खेळात संगीतकार म्हणून त्यांचे नाव पहिल्याच पडद्यावर, हक्काच्या खुणेसकट छापलेले आहे. ते कोणाचे नोकर नव्हते, यापलीकडे त्याचे स्पष्टीकरण नाही. त्याच सुमारास कोनामीचे पगारी संगीतकार ‘कुकेइहा क्लब’ या सामुदायिक नावाखाली एकत्र कोंबलेले होते.

कागदपत्रे नाहीत, म्हणून आता संशोधक प्रत्यक्ष त्या मंडळींचीच दारे ठोठावीत आहेत. तेव्हाचे विशीतले तरुण आज साठीत आहेत. सेगाच्या १९८७ सालच्या ‘फँटसी स्टार’मध्ये ‘फीनिक्स रिए’ या नावाने चित्रकार म्हणून वावरणाऱ्या रिएको कोदामा मे २०२२ मध्ये वारल्या, तेव्हा ती बातमी कोठेच आली नाही; त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सेगाने जुन्या खेळांचे एक छोटे यंत्र काढले, आणि त्याच्या श्रेयनामावळीत त्यांच्या स्मृतीस अर्पण केलेली ओळ लोकांनी वाचली, तेव्हा जगास ते कळले. त्या ओळीत नाव खरे होते.

म्हणून ज्यांस कोणास काही विचारावयाचे असेल त्यांनी ते विनाविलंब विचारावे. आमच्याकडेही पुण्या-मुंबईत परदेशी कंपन्यांच्या खेळांसाठी चित्रे आणि प्रोग्राम ठेक्याने करून देणारी पुष्कळ तरुण मंडळी आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांची नावे नामावळीच्या अखेरीस पोचत नाहीत. त्यांस आमची नम्र विनंती एवढीच, की कोणते काम कोणी केले याचे तारीखवार टाचण घरच्या कपाटात जपून ठेवावे. आणि टोपणनाव घेणे भागच पडले, तर निदान ते दर वेळी एकाच पद्धतीने लिहावे.